माईंच्या यादीत आप्पा नव्हते

माई देवाशी मोठ्यानं बोलत. एक तर त्यांना स्वतःला कमी ऐकू येई, आणि जो आपल्याहून इतका थोरला आहे त्याला तरी आपल्याहून बरं ऐकू येत असेल, यावर त्यांचा विश्वास बसत नसे. त्यामुळे रोज सकाळी सहा वाजता आतल्या छोट्या खोलीचं दार लावून, खुर्चीत बसून, डोळे मिटून त्या जी प्रार्थना करत, ती घरच्यांना, वरच्या मजल्यावरच्यांना आणि दूध टाकणाऱ्याला तोंडपाठ झाली होती.

प्रार्थना कसली, आभारांची यादीच होती ती. मागायचं ते त्या पुटपुटून मागत, आभार मात्र खणखणीत आवाजात मानत.

"देवा, मुलाचं दुकान नीट चाललंय, तुझे आभार. सुनेला बढती मिळाली, तुझे आभार. नातीचा शेवटचा पेपर बरा गेला, तुझे आभार. काल जिना चढताना गुडघा दुखला नाही, तुझे आभार. शेजारचं कुत्रं भुंकायचं थांबलं, तुझे आभार. मिक्सर सुरू झाला, तुझे आभार."

दाराबाहेर चहाचा कप घेऊन बसलेल्या आप्पांचा घोट घशातच अडकला.

मिक्सर त्यांनी सुरू केला होता. आदली अख्खी दुपार स्वयंपाकघरातल्या टेबलावर तो खोलून, मोटारीतले झिजलेले कार्बन काढून, नवे बसवून, बोटाला एक चिमटा खाऊन. त्या दुपारी देव तिथं असता तर निदान बॅटरी धरायला त्याचा उपयोग झाला असता. तो नव्हता. आप्पांनी बॅटरी दातांत धरली होती.

आप्पा म्हणजे माईंचे यजमान. त्यांनी चव्वेचाळीस वर्षं मोटार-वाइंडिंगचं दुकान चालवलं. जळालेल्या पंख्यांची, पंपांची काळी पडलेली तार उपसून काढायची, नव्या तांब्याच्या तारेचे वेढे मोजून भरायचे, वार्निश पाजायचं, वाळवायचं. वेढे मोजताना बोललं की आकडा चुकतो, म्हणून ते बोलत नसत. पुढं दुकान मुलाकडं गेलं, डोळ्याचं ऑपरेशन झालं, वेढे मोजायचे उरले नाहीत, तरी न बोलण्याची सवय काही गेली नाही. मोजण्याचीही गेली नाही. त्या सकाळी त्यांनी माईंचे आभार मोजले. तेवीस भरले. त्यात गुडघा होता, मिक्सर होता, कुंडीतल्या रोपाला आलेली कळी होती. कुत्रंसुद्धा होतं. आप्पा नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा मोजले, मग तिसऱ्या दिवशीही. आठ दिवस सगळं नीट लक्ष देऊन ऐकलं. कुत्र्याची जागा गेली नाही, उलट एक दिवस ते गुडघ्याच्या वर सरकलं. आप्पांचा पत्ता नव्हता. मग त्यांनी मागची वर्षं आठवून पाहिली. पन्नास वर्षांच्या संसारात माईंनी आप्पांचं नाव देवापुढं कधी काढलं होतं का? एकदा काढलं होतं. त्यांना कावीळ झाली होती तेव्हा. पण तेही पुटपुटण्याच्या भागात.

असं नव्हे की घरात कृतज्ञतेचा तुटवडा होता. ती नुसती उतू चालली होती. सूनबाई बँकेत अधिकारी. त्यांनी फोनवरून चालणाऱ्या एका कृतज्ञता वर्गात नाव घातलं होतं. वर्गात अकराजणी, आणि शिकवणाऱ्या एक ताई. प्रत्येकीनं रोज संध्याकाळी पाच आभार लिहून पाठवायचे. सूनबाईंनी सूर्याचे मानले, हवेचे मानले, स्वतःच्या दोन पावलांचे मानले, एकदा तर बँकेच्या लिफ्टचे मानले. नातीच्या फोनमध्ये तर त्यासाठी वेगळी सोयच होती. संध्याकाळी सात वाजता तो किणकिणे आणि विचारी, आज तू कशाबद्दल कृतज्ञ आहेस? नात सोफ्यावर आडवी पडून उत्तर टाइप करी, आणि आप्पांनी पुढं केलेला गार पाण्याचा ग्लास न बघताच हातात घेई.

"काय लिहिलंस गं?" आप्पांनी एकदा विचारलं.

"गार पाणी."

"बरं," आप्पा म्हणाले आणि रिकामा ग्लास आत ठेवायला गेले.

उन्हाळा नुकताच लागला होता. भिंती अजून रात्री निवत होत्या, पण दुपारी पडद्यांमागून ऊन असं आत येई की जणू त्याला कुणी बोलावलंच आहे. हे दिवस म्हणजे दुकानाची घाई. पहिल्या उकाड्याला गावभरचे लोक एकदम पंखे लावून बघतात, आणि बंद पडलेले सगळे एकाच आठवड्यात दुकानात येतात. मुलगा सकाळी जायचा तो अंधार पडता पडता वार्निशच्या वासासकट परत यायचा. आप्पांना दुकानात जायची बंदी नव्हती, पण बाकावर बसवून मुलगा त्यांना चहा पाजायचा, आणि गिऱ्हाईक आलं की म्हणायचा, "हे आमचे बाबा, बसलेत." त्या 'बसलेत' नंतर आप्पांनी जाणं सोडलं.

घरात त्यांना बंदी होती ती स्टुलाची. दोन वर्षांपूर्वी बल्ब बदलताना ते पडले होते. तेव्हापासून स्टूल कपाटामागं, आणि टेबलाच्या वरचं जग आप्पांच्या हद्दीबाहेर.

नवव्या दिवशी आप्पांच्या मनात आलं ते असं. आतल्या खोलीतला पंखा बंद पडला तर? माई घामानं भिजतील, बाहेर येतील आणि जुन्या दिवसांसारखं म्हणतील, "अहो, बघा ना जरा." आपण स्टूल काढू. त्या रागावतील, मग स्टूल धरून उभ्या राहतील. त्यांच्या डोळ्यांदेखत पंखा फिरेल. डोळ्यांदेखत झालेल्या कामाचं श्रेय देवाला कसं देता येईल? आयुष्यभर दुसऱ्यांनी बिघडवलेले पंखे नीट करणाऱ्या माणसाला स्वतः पंखा बिघडवताना लाज वाटायला हवी होती. वाटलीही. पण तेवीस आणि शून्य हा हिशोब लाजेपेक्षा जड होता.

माई दवाखान्यात गुडघा दाखवायला गेल्या, आणि आप्पांनी कपाटामागून स्टूल ओढलं. पंख्याची वरची वाटी खाली सरकवून कंडेन्सर काढला. बोटाएवढी ती डबी खिशात घातली. उघड्या तारांना पट्टी गुंडाळली, कारण चोरी केली तरी उघडी तार ठेवणं त्यांच्याकडून होणारं नव्हतं. आता बटण दाबलं की पंखा नुसता घुमणार, फिरणार नाही. आणि ते घुमणं ऐकण्याएवढे माईंचे कान उरले नव्हते.

संध्याकाळी माई नामस्मरणाला खोलीत गेल्या. आप्पा पक्कड आणि टेस्टर शर्टाच्या खिशात घालून दाराशी बसले. अर्ध्या तासानं माई बाहेर आल्या. कपाळावरून घाम ओघळत होता, आणि चेहरा प्रसन्न होता.

"पंखा बंद आहे वाटतं," आप्पा म्हणाले.

"आहे. असू दे."

"असू दे काय? उकडत नाही?"

"उकडतंय. म्हणून तर!" माई खुर्चीत टेकल्या. "इतकी वर्षं वाऱ्याखाली बसून देवाचं नाव घेतलं, त्यात काय मोठंसं केलं? आता त्यानं ठरवलंय, वारा काढून घेतल्यावर ही बसते का बघू. बघू दे. बसणार मी."

"अगं, पण मी बघतो की जरा…"

"तुम्ही काही बघू नका. स्टुलावरून पडाल, आणि मग देवापुढं मला तेही मांडावं लागेल."

म्हणजे नाव निघायला पडणं आवश्यक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यादीत चोविसावं कलम आलं. "देवा, पंखा बंद केलास, तुझे आभार."

आप्पांनी कप खाली ठेवला. आजवर त्यांची चांगली कामं देवाच्या नावावर जमा होत होती. आता वाईट कामंही त्याच्याच नावावर जाऊ लागली होती. माणसानं करायचं तरी काय?

सूनबाईंना तर आनंदाचं भरतं आलं. वर्गात त्या आठवड्याचा विषयच 'अडचणींविषयी कृतज्ञता' असा होता, आणि बाकीच्या दहाजणींकडं सांगण्यासारखी अडचण नव्हती. "माई, तुम्ही किती पुढं आहात! आमच्या ताईंनी तुमचं उदाहरण दिलं आज सगळ्यांना." मुलगा जेवताना म्हणाला, "रविवारी बघतो. दुकानात तीस पंखे पडलेत." माई म्हणाल्या, "कुणी हात लावायचा नाही त्याला." त्या रोज खुर्चीत बसण्यापूर्वी बटण दाबून बघत, पंखा फिरला नाही की समाधानानं बंद करत, आणि डोळे मिटत.

पाचव्या दिवशी सकाळी त्या बाहेर आल्या त्या दाराची चौकट धरून. रंग उतरला होता. आप्पांनी कप टाकला, त्यांना धरून बसवलं, तोंडावर पाणी मारलं.

"काही नाही, भोवळ आली जराशी," माई म्हणाल्या. "होतं असं. परीक्षाच ती."

यादी, कुत्रं, सगळं त्या क्षणी आप्पांच्या डोक्यातून गेलं. राहिलं एवढंच, की बायकोला भोवळ आणणारी डबी आपल्या पँटच्या खिशात आहे.

सून बँकेत, नात मैत्रिणीकडं गेली आणि माई पुढच्या खोलीत झोपल्या, तसं त्यांनी पुन्हा स्टूल काढलं. डबी काढून बघितली तर खिशात पाच दिवस किल्ल्यांबरोबर आपटून तिचं टोक उचकटलेलं. मग पाय ओढत दुकानापर्यंत गेले. मुलगा गिऱ्हाइकाशी बोलत होता, तेवढ्यात खोक्यातून एक नवा कंडेन्सर उचलला, आणि उन्हातून परत येऊन बसवला. तारा पिळल्या, पट्टी गुंडाळली, दोऱ्याची गाठ मारली. पंखा फिरला. वरून पडलेली धूळ त्यांनी खुर्चीवरून आपल्या बाहीनं पुसली.

संध्याकाळी आतल्या खोलीतून किंकाळी आली.

"अहो! अहो, इकडं या! फिरला! फिरला बघा!"

माई पंख्याखाली उभ्या होत्या, पदर उडत होता, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सांगायचं तर हीच वेळ होती. आप्पांनी तोंड उघडलंही. पण तो चेहरा त्यांनी बघितला, आणि त्यांना असा चेहरा या घरात कधी बघितल्याचं आठवेना. चव्वेचाळीस वर्षांत हजारो पंखे फिरवले, एकाचाही असा परिणाम झाला नव्हता. तोंड मिटून ते म्हणाले, "हं."

"हं काय हं! तुमच्या डोळ्यांदेखत घडलंय, आणि हं!"

शनिवारी चार वाजता सूनबाईंच्या वर्गातल्या बाकी दहाजणी आणि ताई पंखा बघायला आल्या. खोली छोटी, त्यामुळे त्या चार-चारच्या गटानं आत गेल्या आणि माना वर करून उभ्या राहिल्या. एकीनं डोळे पुसले. एकीनं विचारलं, "कितीवर आहे?"

"तीनवर," सूनबाई म्हणाल्या.

"बघा. बरोबर मधलाच आकडा."

सगळ्यांनी मान हलवली. तीन हा मधला आकडा असण्यात काय होतं ते कुणी विचारलं नाही. मग सगळ्या दाटीवाटीनं आत शिरल्या आणि ताईंनी फोन समोर धरून चित्रण सुरू केलं. माईंना खुर्चीत बसवलं. आप्पा भिंतीला पाठ लावून उभे होते. कुणीतरी त्यांच्या हातात रिकाम्या कपांचा ट्रे दिला होता.

तेवढ्यात मुलगा दुकानातून आला. सूनबाईंनी त्याला दारातच पकडलं. "अहो, तुम्ही यातले जाणकार. एकदा वर चढून बघा आणि यांना सांगा, की कुणी हात लावलेला नाही म्हणून. ताईंना ते चित्रणात हवंय."

मुलगा दमलेला होता, आणि दमलेला माणूस विचार न करता खरं बोलतो. त्यानं बटण बंद केलं, स्टुलावर चढला, वाटी सरकवली.

"हात लावलेला नाही कसं? कंडेन्सर नवा आहे. आपल्याच दुकानातला." मग जरा वाकून, "आणि ही दुहेरी गाठ तर बाबांची आहे. अशी गाठ दुसरं कुणी मारत नाही."

चित्रणासाठी तो मोठ्यानंच बोलला होता, त्यामुळे माईंनाही ऐकू गेलं.

"अहो," माई हळूच म्हणाल्या. इतक्या हळू त्या देवाशीही बोलत नसत. "तुम्ही चढलात? या वयात? मला भोवळ आली म्हणून?"

आप्पांनी ट्रे घट्ट धरला.

माई दहाजणींकडं वळल्या. त्यांचे डोळे परत भरून आले होते, पण या वेळी त्या वर बघत नव्हत्या. "बघा गं बायांनो. पडले असते तर? एका शब्दानं बोलले नाहीत. मी आपली सगळ्यांचे आभार मानत बसते, आणि हा माणूस…"

आता फक्त गप्प राहायचं होतं. आयुष्यभर जे केलं तेच आणखी पाच सेकंद. पण आप्पांच्या दुकानाची एक रीत होती, दुरुस्त पंख्याला ते एक चिठ्ठी बांधत. काय बिघडलं होतं, कशानं बिघडलं, सगळं चिठ्ठीवर. कारण न लिहिता पंखा परत दिला असं कधी झालं नव्हतं. अर्धी दुरुस्ती सांगून वाहवा घेणं त्यांच्या हाडात नव्हतं, आणि हाडं या वयात बदलत नाहीत.

"काढलाही मीच होता," ते म्हणाले.

"काय?" माईंनी कानामागं हात नेला.

"काढलाही मीच होता!"

"काय काढला?"

"कंडेन्सर! पंखा मी बंद केला होता! मी!"

ताईंनी फोन हळूच खाली घेतला. दहाजणींपैकी एकजण फिस्सकन हसली आणि खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेली. नात दारातून म्हणाली, "आप्पा! सिरियसली?"

"पाच दिवस," माई उठून उभ्या राहिल्या. "पाच दिवस मी इथं भाजून निघाले. घामोळं उठलं पाठभर. का? काय केलं होतं मी तुमचं?"

आप्पांनी पुटपुटून काहीतरी सांगितलं.

"मोठ्यानं बोला! ऐकू येत नाही मला!"

"तुझ्या यादीत कुत्रं आहे!"

"काय आहे?"

मितभाषी माणसाच्या आतलं दुखणं एकदाच, तेही हळू आवाजात बाहेर यावं अशी सोय असायला हवी. आप्पांना ती मिळाली नाही. परक्या बायकांसमोर, हातात ट्रे धरून, त्यांना ते तीन वेळा ओरडून सांगावं लागलं. शेवटच्या वेळी वरच्या मजल्यावरची खिडकी उघडल्याचा आवाज आला. "शेजारचं कुत्रं आहे तुझ्या यादीत! मिक्सर आहे! मी नाही! पन्नास वर्षांत एकदा नाही!"

मग मात्र माईंना ऐकू आलं. त्या परत खुर्चीत बसल्या. पाहुण्या चपला शोधू लागल्या. जाताना ताई सूनबाईंना म्हणाल्या की हाही एक अनुभवच आहे, आणि आजच्या पाच आभारांत त्याला जागा द्यावी. सूनबाईंनी त्या दिवशी एकही आभार पाठवला नाही. मुलगा स्टुलावरच उभा होता, त्यानं वाटी जागेवर सरकवली, खाली उतरला, बापाच्या हातातला ट्रे काढून घेतला आणि म्हणाला, "बाबा, न्यायचा होता तर सांगून न्यायचा ना. मी खोक्यातले तीनदा मोजले." त्याहून मोठं भाषण बापलेकांत कधी झालं नव्हतं.

रविवारी सकाळी सहाला खोलीचं दार लागलं. आप्पा नेहमीच्या जागी बसले, पण चहा घेतला नाही. यादी सुरू झाली. दुकान, बढती, पेपर. गुडघा. कळीचं फूल झालं होतं, तेही. आप्पा मोजत होते. एकविसाव्या कलमानंतर माई थांबल्या. इतका वेळ थांबल्या की आप्पांना वाटलं, परत भोवळ आली.

"देवा," माई म्हणाल्या, "आता ह्यांचं. ह्यांच्याबद्दल तुझे आभार मानावेत की तुझ्याकडं तक्रार करावी, हे माझं अजून ठरत नाहीये. ठरलं की सांगते. तोवर नाव तेवढं लक्षात ठेव."

पन्नास वर्षांनी आप्पा यादीत आले ते असे, विचाराधीन म्हणून. पण आले. सोमवारीही आले, मंगळवारीही. बाविसाव्या जागी, "ठरत नाहीये" या शेऱ्यासह. बुधवारी त्यांना राहवलं नाही. माई बाहेर आल्या तेव्हा ते म्हणाले, "ठरलं का?"

"कशाचं?"

"काही नाही."

माईंनी त्यांच्याकडं बघितलं. मग कपातला त्यांचा चहा उचलून एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "गार झालाय. देवाला घाई नाही, तुम्हाला कसली एवढी? पन्नास वर्षांचं प्रकरण आहे, चार दिवसांत निकालात निघतं होय?"

"नाही, मी आपलं विचारलं."

"विचारू नका. आणि हे बघा, न्हाणीघरातला नळ गळतोय परवापासून. मी काही त्याबद्दल देवाला बोललेली नाही. तुम्हालाच सांगतेय. बघता का?"

आप्पा उठले आणि पान्हा शोधायला लागले.